पाच भांड्यांची कलई

१४ जानेवारी २००५

टेम्पो आला. अठ्ठावीस मॉनिटर, अकरा टीव्ही, की-बोर्डांचं एक पोतं, चार पोती नुसत्या आतल्या सर्किटच्या प्लेटा. कुठल्याशा कचेरीचा लिलावाचा माल, नागपूरच्या व्यापाऱ्यामार्फत थेट माझ्या अंगणात. मॉनिटरमागची तारीख पाहिली – पाच वर्षांपूर्वीची. पाच वर्षांत माझी चप्पलसुद्धा हार मानत नाही!

तीस वर्षं चामोर्शीत लोकांचे रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले. आता दुरुस्तीला कोणी आणतच नाही. बिघडला की टाकतात, नवा घेतात. मग दुरुस्त करणारा मी फोडणारा झालो. तांबं वेगळं, लोखंड वेगळं, काच वेगळी. काही वाया जाऊ द्यायचं नाही, एवढाच तुमचा धर्म उरला आहे, असं साबिरा म्हणते. बायको आहे, बोलणारच.

आयत दिवसभर पोत्यांभोवती. माझ्या मुलाची, जाहिदची पोर, माझी एकुलती नात, मार्चमध्ये तीनची होईल. प्लेटांवरचे रंगीत पट्ट्यांचे तुकडे वेचते आणि फ्रॉकच्या घोळात भरते. मला विचारलं, "दादा, टीव्ही मेला?" मेला, म्हटलं. "मग कबरीत का नाही ठेवला?" साबिरा पदर तोंडाला लावून हसत होती.

२१ जानेवारी

प्लेटा सिगडीवर उलट्या धरायच्या. सोल्डर घामासारखं फुटतं. मग प्लेट पत्र्यावर आपटायची – थेंब थेंब खाली. राळेचा वास मला आवडतो, तीस वर्षांची सवय. पण जळक्या प्लेटेचा धूर वेगळाच, जिभेवर गोडसर बसतो.

आठवडाभरात अडीच किलो सोल्डर जमलं. सोल्डर म्हणजे कथील आणि शिसं, साठ आणि चाळीस, हे मला पाठ आहे. आणि कथील तर आमच्या घराण्याचं. अब्बा कलईवाले. खांद्यावर भाता घेऊन वैनगंगेच्या दोन्ही काठांची गावं फिरायचे. मग स्टील आलं, अब्बा गेले, मी रेडिओत शिरलो.

आज वाडग्यात सोल्डर वितळताना पाहिलं आणि डोक्यात उजेड पडला. शिसं जड. तासभर न हलवता ठेवलं तर ते तळाशी बसणार. वर राहील ते कथील, दुधावर साय धरते तसं. ते पळीनं अलगद काढून घ्यायचं.

काढलं. कांड्या ओतल्या. वरच्या मालाच्या कशा पांढऱ्याशुभ्र! तळातलं वेगळ्या डब्यात ठेवलं. इतक्या वर्षांत कोणाला सुचलं कसं नाही?

३ फेब्रुवारी

साबिराला खोकला. म्हटलं, आज वारा उलटा आहे. म्हणाली, वारा रोजच उलटा कसा असतो?

९ मार्च

काल महाशिवरात्र. मार्कंड्याची जत्रा.

बत्तीस वर्षांनी भट्टी लावली. अब्बा बसायचे त्याच बाजूला, नदीकडे उतरायच्या वाटेवर. भाता त्यांचाच, चामडं तेवढं नवं. कांड्या माझ्या. भांडं तापलं, नवसागर टाकला, पांढरा धूर उठला, कापसाचा बोळा फिरवला – काळं पितळ चांदीसारखं उजळलं. हात काही विसरले नव्हते. मला रडू आलं. धुरावर ढकललं.

माणसं जुनी निघाली. नदीपल्याडचे दादाजी आणि त्यांची रुखमाबाई, धानवाले, तीन भांडी घेऊन आले. रुखमाबाई म्हणाल्या, "तुह्या बापाची कलई दोन वर्सं पुरे जी. पोरगा का करते पाहू." भांडं उन्हात धरून पाहिलं. मग दादाजी म्हणाले, "वहाबभाऊ, तू तं बापाच्याई वर गेला."

संध्याकाळपर्यंत चव्वेचाळीस भांडी झाली. फेकून दिलेल्या कॉम्प्युटरांतून गावच्या चुली उजळल्या! काल मी कोणी राजाच होतो.

१६ मार्च

आयत तीन वर्षांची झाली. उरलेल्या कांड्यांतून घरची पाच भांडी करून टाकली. एक मोठा गंज, दोन डेगच्या, आयतचा पेला आणि निशातची हंडी.

ही हंडी म्हणजे सुनेचा जीव. निशात सिरोंच्याची. तिची अम्मी लग्नाच्या आधीच वारली. बुडाशी अम्मीचं नाव ठोकलेली ही हंडी तेवढी मागे राहिली. आतून पार काळी झाली होती म्हणून निशात ती वापरत नव्हती, नुसती पुसून ठेवायची. आज आतून चेहरा दिसतो! निशातनं दोन्ही हातांनी घेतली. संध्याकाळी तिच्यातच खट्टी दाल केली – सिरोंच्याकडे चिंच म्हणजे पाण्यासारखी वापरतात. आयतनं नुसती दाल दोन वाट्या प्यायली. "दादा, चमचम दाल" म्हणाली. आता रोज तीच हवी म्हणून बसली आहे.

२४ एप्रिल

आयतचं पोट दुखतं. चार दिवस परसाकडे झालेली नाही. अंगणातली माती खाताना साबिरानं पकडलं. निशातला बोल बसले – लेकरावर लक्ष नाही, दिवसभर काय करतेस. जंताचं औषध आणलं.

११ मे

जंताच्या औषधानं काही नाही. टॉनिक दिलं, त्यानंही नाही. पोर पांढरी पडली आहे. हात लावला की ओरडते. आधी अशी नव्हती.

गुणाबाई आल्या होत्या. मागच्या गल्लीतल्या, अंगणवाडी त्याच चालवतात. आयतला काट्यावर टांगून पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. "पोरीचं वजन घटून राह्यलं, वहाबभाऊ. इथल्या गोळ्याईनं नाई होत. चंद्रपूरले न्या." नेतो म्हटलं. उन्हाळा जाऊ दे, असंही म्हटलं.

माझंही पोट मधूनमधून पिळवटतं. काल हातातून पेचकस दोनदा पडला. वय झालं.

२९ मे

आज दिवसभरात आयत एकदाही "दादा" म्हणाली नाही. खुणा करते. शब्द गेले कुठे?

१४ जून

चंद्रपूर. जाहिद त्याच्या जीपनंच घेऊन गेला, एरवी तो गडचिरोलीच्या सवाऱ्या मारतो. निशात मागे आयतला मांडीवर घेऊन, मी पुढे.

बालरोगतज्ज्ञ शांत माणूस. पोट दाबलं, हिरड्या पाहिल्या, मनगटं वाकवून पाहिली. मग पोरीला सोडून मलाच पाहू लागले – माझी नखं. "आजोबा, तुम्ही काय काम करता?" सांगितलं. पेन खाली ठेवलं त्यांनी. "प्लेटा कुठे जाळता?" अंगणात. "ही कुठे खेळते?"

अंगणात.

शिसं, म्हणाले. रक्ताचा नमुना मुंबईला जाईल, पण मला वाटतं शिसंच. तो धूर, ती राख, ती माती – सगळं घरापासून लांब न्या, आजच. मग आयतच्या डोळ्यांकडे पाहून निशातला विचारलं, सुरमा घालता? निशात म्हणाली, जन्मापासून. "काही सुरम्यांत शिसंच असतं. तोही बंद."

परतीची वाट. मूल गावाच्या पुढे जाहिदनं गाडी थांबवली, उतरला, झाडाशी जाऊन उभा राहिला, परत आला. म्हणाला, "उद्या माल उचला, अब्बा." एवढंच.

१६ जून

माल उचलला. ओळखीच्या पोचूच्या पडीक वावरात नेऊन टाकला, नाल्याच्या काठी. अंगणाची वीतभर माती खरवडून तीही तिकडेच. पाऊस आला की ती नाल्यात जाईल, हे मला दिसत होतं. तरी टाकली. घरापासून लांब, एवढंच डोक्यात.

साबिरानं सुरमादाणी उकिरड्यावर फेकली. "तुझ्या सुरम्यानं झालं" असं निशातला तोंडावर म्हणाली. धुराचं मात्र नाव नाही घेतलं. नवरा आहे ना मी तिचा! सुनेवर ढकलायला सोपं. निशात भाकरी थापत होती, थापत राहिली. मी बोलायला हवं होतं. पाणी पिऊन बाहेर गेलो.

२ जुलै

मुंबईचा रिपोर्ट आला. दहाच्या आत हवं. आयतचं एकाहत्तर.

उद्या नागपूर. दवाखान्यात ठेवावं लागेल, सुया द्याव्या लागतील, शिसं लघवीवाटे बाहेर काढतात म्हणे. एवढीशी पोर. अल्ला, माझ्यातलं काय काढायचं ते काढ.

२१ जुलै

आली! अठरा दिवसांनी घरी आली. गाडीतून उतरतानाच मला पाहिलं आणि म्हणाली, "दादा." मी ओट्यावर बसून राहिलो.

गाल भरलेत. बाहुलीला झोपवते, उठवते, दटावते. निशातनं आनंदानं सगळं तिच्या आवडीचं रांधलं. साबिराही आज सुनेला बेटी म्हणाली. मी अंगणात नवा मुरूम टाकून घेतला आहे, सुईएवढी तार शोधून सापडणार नाही. दुकानात आता फक्त दुरुस्ती, येईल तेवढी.

४ ऑगस्ट

पोट पुन्हा. कोणी तोंडानं म्हणत नाही, पण सगळे तिच्याकडेच पाहत असतो.

१३ ऑगस्ट

पुन्हा चंद्रपूर. आज नीट लिहायचं आहे, एकही गोष्ट सोडायची नाही.

डॉक्टरांनी पाहिलं. मग म्हणाले, धूर बंद, सुरमा बंद, तरी चढतंय. म्हणजे घरात अजून काहीतरी आहे. एकेक विचारू लागले. भिंतींचा रंग? नळ? खेळणी? हळद कुठली? निशात सगळ्याची उत्तरं देत होती. मग – "पोर जेवते कशात?"

निशात म्हणाली, "पितळेच्या भांड्यात. पण कलई केलेली आहे."

डॉक्टर म्हणाले, "कलई असेल तर ठीक. कलई म्हणजे कथील. शुद्ध कथील असेल तर काही बिघडत नाही." आणि पुढचा प्रश्न विचारला.

मी तिथेच होतो. निशातच्या शेजारच्या खुर्चीवर. शुद्ध कथील असेल तर, म्हणाले ते. माझ्या कानात भाता सुरू झाला. तोंड उघडलं असतं तर एक वाक्य होतं. निशातचा हात टेबलावर होता. नागपूरला पोरीला सुया टोचताना तिनं स्वतःचं मनगट चावलं होतं, तो व्रण अजून होता. मी तो व्रण पाहत राहिलो आणि प्रश्न पुढे गेला.

डॉक्टरांनी रक्त पुन्हा पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत पोरीला या घरातून हलवा म्हणाले, दुसऱ्या गावी न्या. निशात म्हणाली, माहेरी नेते.

१४ ऑगस्ट

सकाळी दुकानाचं दार लावून मार्चच्या उरलेल्या कांड्या काढल्या. अब्बांची परीक्षा सोपी होती. कांडी कानाशी धरून वाकवायची – शुद्ध कथील वाकताना करकरतं, रडतं म्हणायचे ते. माझी मुकाट वाकली.

दुसरी परीक्षा कागदावर घासायची. कथिलाची रेघ फिकी उठते. शिशाची पेन्सिलीसारखी.

ही वरच्या मालाची रेघ –

ही तळातल्या डब्यातली –

दोन्ही सारख्या. दोन्ही काळ्या. काही बसलं नव्हतं तळाशी. काही वर आलं नव्हतं. एकदा एकमेकांत विरघळलं की ते वेगळं होत नाही. तीस वर्षं मी रोज सोल्डर वितळवलं, एकदा तरी ते वेगळं झालेलं पाहिलं होतं का? नाही. तरी मी मानलं, कारण मला मानायचं होतं. काही वाया जाऊ द्यायचं नाही ना!

मग घरात जाऊन डेगचीत बोट फिरवलं. कलई राखाडी पडली आहे, मध्ये खाल्ल्यासारखी. चिंचेनं खाल्ली. म्हणजे ती गेली कुठे – पोरीच्या पोटात. चमचम दाल. नागपूरहून आली त्या दिवशीही तीच रांधली होती, तिच्या आवडीची.

मी केलं हे. धुरानं नाही, सुरम्यानं नाही. माझ्या हातांनी, बोळा फिरवून, वाढदिवसाच्या दिवशी.

१५ ऑगस्ट

चौकात झेंडावंदन, घरात मी भांडी गोळा केली. कलई उडाली, मोडीत घालतो म्हणालो. साबिरा भडकली, सासूची भांडी आहेत ती! मी ऐकलं नाही. मोडीवाल्याला दिली तर तो दुसऱ्याला विकेल. म्हणून मागच्या दाराशी दगडावर ठेवून ठोकली – गंज, डेगच्या, पेला. पार चपटी करून टाकली. निशात दारात उभी राहून पाहत होती.

चारच भरली. "हंडी कुठं आहे, बेटा?" विचारलं.

"ती मी मागेच दिली, अब्बा. भांडेवालीला. स्टीलचा डबा घेतला."

मला हायसं वाटलं! आईची हंडी तिनं अशी कशी दिली, हे मला सुचलंच नाही. एक तरी माझ्या हातून सुटली, एवढंच वाटलं.

सांगणार होतो. निशात, हे भांड्यांचं आहे, सुरम्याचं नाही, तुझं नाही, माझं आहे. हातोडी हातात होती. ती आत गेली.

१७ ऑगस्ट

आयत आणि निशात सिरोंच्याला गेल्या. निशातचा भाऊ अकरम न्यायला आला होता. आलापल्लीपर्यंत रस्ता खचला आहे, तरी एसटी चालू आहे म्हणतात.

स्टँडवर निशात म्हणाली, "अब्बा, तिकडे सुरमा नाही घालणार. शपथ." मी मान हलवली. मान हलवली मी!

या वहीला कुलूप नाही, लागतही नाही. जाहिद वाचत नाही, साबिराला अक्षर येत नाही. निशात उर्दू शाळेत शिकली, तेलुगू बोलते, मराठी वाचता येत नाही तिला. म्हणूनच इथे सगळं लिहितो, आणि तिला काही सांगत नाही. असला माणूस मी.

२६ ऑगस्ट

एसटीडीवरून फोन. आयत बरी, असं निशात म्हणते. भूक लागते. खेळते. खरं कळण्याइतकं बोलणं झालं नाही, लाइन कापली गेली.

इथे आता तिला विष देणारं काही उरलं नाही. ती परत येईल तेव्हा घर स्वच्छ असेल. मग कशाला सांगायचं? असंही मन बोलतं. ऐकायला बरं वाटतं.

१ सप्टेंबर

चव्वेचाळीस भांडी. ती डोक्यातून जात नाहीत. चंद्रपूरहून खरं कथील आणलं – वाकवून, ऐकून घेतलं – आणि भाता खांद्यावर टाकून नावेनं पलीकडे गेलो. दादाजींपासून सुरुवात.

ओसरीवर बसून सगळं सांगितलं. टीव्हीच्या प्लेटा, शिसं, कलई, माझी नात. एका दमात. गंमत पाहा – इथे जीभ अडखळली नाही.

रुखमाबाई ओरडल्या नाहीत. आत जाऊन तिन्ही भांडी आणली आणि माझ्यापुढे ठेवली. एकात रात्रीची आंबील होती, ती अंगणात ओतली. म्हणाल्या, "आमच्या दिव्यानीचंई पोट दुखून राह्यलं. महिना झाला. मले वाटलं, कच्चे पेरू खाते पोट्टी." दिव्यानी त्यांची नात, सात वर्षांची, खांबाआडून माझ्या भात्याकडे पाहत होती. चंद्रपूरच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. मी स्वतः घेऊन जातो म्हणालो.

दादाजींनी तंबाखूची चंची काढली. मग विचारलं, "काऊन केलं जी असं?"

"मले वाटलं, शिसं खाली बसते."

"हं." तंबाखू मळत राहिले. "घरी सांगतलं का सुनेले?"

"सांगतलं," म्हटलं.

"का म्हनली मंग?"

"काई नाई म्हनली."

"चांगली बाई आहे," दादाजी म्हणाले.

जुनी कलई खरवडून नवी करून दिली. खरवडलेली भुकटी पुडीत बांधून घरी आणली, कुठे टाकायची कळत नाही. आणखी सात घरं झाली. दोघांनी भांडी द्यायला नकार दिला – चमकून राह्यलं चांगलं, तू कायले नेतं? मी पाया पडलो. एकानं तरीही दिली नाहीत.

४ सप्टेंबर

एकोणीस भांडी झाली. पोट फार पिळतं. उजवं मनगट उचलत नाही, बोळा डाव्या हातानं फिरवतो.

६ सप्टेंबर

अकरमचा फोन. आयतला झटके येत आहेत. जाहिद गाडी घेऊन निघाला. मी आणि साबिरा मागून एसटीनं.

८ सप्टेंबर

आयत गेली.

सिरोंच्याच्या डॉक्टरांनी नदीपलीकडे, आंध्रातल्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं होतं. प्राणहितेला पूर. नाववाला आधी तयार होईना, मग झाला. मध्यावर गेली, निशातच्या मांडीवर. नाव तशीच परत आणली.

आम्ही पोचलो तेव्हा कफन झालं होतं. एवढंसं. मी माती दिली. तीन मुठी.

९ सप्टेंबर

लिहायचं नव्हतं, पण हे लिहायलाच हवं.

अकरमच्या घरी सकाळी पाणी मागायला स्वयंपाकघरात गेलो. चुलीजवळ हंडी होती. पितळेची, बुडाशी नाव ठोकलेली. निशातच्या अम्मीची. आत पाहिलं – माझी कलई, खाल्लेली, काळी. कडेला चिंचेचा कोळ वाळून चिकटलेला.

मोडीत दिलेली हंडी इथे कशी?

अकरमची बायको म्हणाली, आयत दुसऱ्या भांड्यातलं खातच नव्हती. रोज हिच्यातच करून द्यायचो, बिचारीनं तेवढं तरी पोटभर खाल्लं.

बाहेर आलो. कोणालाही काही विचारलं नाही. विचारलं असतं तर का विचारतोय ते सांगावं लागलं असतं. अकरमच्या बायकोला एवढंच म्हणालो, ही हंडी आता वापरू नका, आयतची आहे, आम्हाला बघवत नाही. तिनं हंडीवर फडकं टाकलं आणि रडू लागली. अजून खोटंच बोलतो आहे मी, पोर मातीत गेली तरी.

१५ सप्टेंबर

घरी. निशातलाही घेऊन आलो. हंडी तिनं आयतच्या फ्रॉकमध्ये गुंडाळून आणली आहे, पेटीत ठेवली.

गल्लीतल्या बायका येतात, बसतात. कोणीतरी सुरम्याचं काढलंच. निशात म्हणाली, "हो, माझंच चुकलं." साबिरानं या वेळी तिला जवळ ओढलं. मी ओट्यावर होतो. दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं.

मुंबईचा दुसरा रिपोर्ट टपालानं आला आहे. फोडला नाही.

१८ सप्टेंबर

दिव्यानीला चंद्रपूरला नेऊन आणलं. वेळेत आलात, डॉक्टर म्हणाले. दादाजींनी बसमध्ये माझ्या पाठीवर हात ठेवला. मला तो हात सहन होईना, जागा बदलली.

परवा शब-ए-बरात. लहानपणापासून आमच्याकडे रिवाज – त्या दिवशी घरातल्या प्रत्येकानं प्रत्येकाची माफी मागायची. बोललंचाललं, दुखवलं, लपवलं, सगळ्याची. त्यानंतरच दुआ. अब्बा तर भट्टी बंद करून गिऱ्हाइकांच्या दारी जायचे.

ठरलं. परवा निशातपुढे बसायचं. भांडी, शिसं, मार्कंडा, डॉक्टरांपुढची ती खुर्ची – सगळं सांगायचं. सुरम्याचं ओझं तिच्यावरून उतरवायचं. मग तिनं थुंकावं, माहेरी जावं, जाहिदनं मला घराबाहेर काढावं. काहीही होवो. ही वही मोठ्यानं वाचून दाखवीन. माझ्याच्यानं तोंडी नाही होणार, वाचून होईल.

१९ सप्टेंबर

पुन्हा सगळं वाचून काढलं. वाचता येतं. आवाज फुटतो, पण येतं.

२० सप्टेंबर

शब-ए-बरात. दुपारची नमाज झाली. वही घेऊन उठणार, तोच निशात येऊन माझ्या पायांशी बसली. म्हणाली, "अब्बा, हंडी मोडीत दिली असं मी खोटं सांगितलं. तुम्ही बाकीची ठोकत होता. अम्मीची तेवढीच आठवण होती, म्हणून लपवून नेली. मला माफ करा."

मी म्हणालो, "माफ केलं."